शहापूर-मुरबाडच्या डोंगरी भागाची संदर्भ-माहिती कशी तपासावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे शहरात किंवा नवी मुंबईत राहून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावे, घाटवाटा, किल्ले व नद्या यांच्याविषयी नोंदी लिहिणाऱ्या, जुन्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या किंवा महाविद्यालयीन प्रकल्पासाठी त्या वापरणाऱ्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे चुका अधिक होतात तेथे उत्तर लांबले आहे.

तपासणीची सुरुवात कोठून करावी?

आकडा बरोबर की चूक हे ठरवण्याआधी तो कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या हद्दीचा आहे, हे शोधावे. डोंगरी भागाविषयीच्या बहुतेक चुका या मुळात खोट्या बातम्या नसतात. कधी तरी, कोणत्या तरी हद्दीपुरते खरे असलेले विधान वर्ष आणि हद्द गळून पडल्यावर तसेच पुढे चालत राहिलेले असते. त्यामुळे अशा विधानावर थेट काट मारण्यापेक्षा ते कधी आणि कशाविषयी खरे होते याचा माग काढला, तर दुरुस्ती नेमकी होते आणि मूळ स्रोतही हाती लागतो.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड ही ठिकाणे ठाणे जिल्ह्यात दाखवलेली आढळतात. ती चूक मानावी का?

आजच्या नोंदीत ती चूकच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके त्यात गेले. ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड असे सात तालुके राहिले, म्हणजे सह्याद्रीच्या रांगेला भिडणारा मुख्य भाग शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आला.

केवळ जिल्ह्याचे नाव बदलून मात्र काम संपत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ नोंदली गेली, ती पंधरा तालुक्यांच्या अविभाजित जिल्ह्याची आहे. हा आकडा घेऊन त्याला आजच्या सात तालुक्यांच्या क्षेत्रफळाने भागून काढलेली लोकसंख्येची घनता अनेक ठिकाणी दिसते. त्यातला प्रत्येक आकडा अधिकृत असतो आणि उत्तर मात्र निरर्थक असते. आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण, जंगलाखालील क्षेत्र, साक्षरता, सरासरी पर्जन्यमान या सर्वांच्या बाबतीत हीच काळजी घ्यावी लागते, कारण विभाजनानंतर डोंगरी व आदिवासी भागाचा फार मोठा हिस्सा पालघरकडे गेला.

शेजारच्या जिल्ह्यांचेही तसेच आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, तर अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला. जुन्या स्रोतातील अवतरण देताना जुने नाव तसेच ठेवावे आणि स्वतःच्या वाक्यात आजचे नाव लिहावे.

१८८२ च्या गॅझेटिअरवर कितपत विसंबावे?

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे (जिल्ह्यांची सविस्तर शासकीय माहिती देणाऱ्या ग्रंथमालेचे) ठाणे जिल्ह्यावरील तेरावा आणि चौदावा हे खंड १८८२ मध्ये निघाले. घाटवाटा, बाजारपेठा, किल्ल्यांची तेव्हाची स्थिती, पिके, मिठागरे यांच्या वर्णनाला आजही फारसा पर्याय नाही, आणि घाटावरून खाली कोणता माल कोणत्या वाटेने उतरत होता हे पाहायचे असेल तर प्रथम तेच उघडावेत.

परंतु त्या खंडांतील ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नव्हे. पनवेल आणि कर्जत तेव्हा ठाण्यात होते, म्हणून माथेरानचे सविस्तर वर्णन यांपैकी चौदाव्या खंडात सापडते. कुलाबा जिल्ह्याच्या खंडात ते शोधणाऱ्याला मिळत नाही. जव्हार हे संस्थान होते. अंतरे मैलांत आणि उंची फुटांत आहे, तर लोकसंख्येचे आकडे त्या काळच्या पहिल्यावहिल्या जनगणनांचे आहेत. माणसांविषयीची, विशेषतः आदिवासी जमातींच्या ‘स्वभावा’विषयीची विधाने त्या काळच्या प्रशासकांच्या दृष्टीतून आलेली असून ती वस्तुस्थिती म्हणून उतरवून घेणे अयोग्य आहे. कातकरी समाजाबद्दलची जी अपमानास्पद वाक्ये आजही काही संकेतस्थळांवर भूतकाळाचा वर्तमानकाळ करून फिरताना दिसतात, त्यांचा उगम वसाहतकालीन लेखनातच आहे. ती उद्धृत करण्याची खरोखरच गरज असेल, तर वर्ष आणि लेखनाचा संदर्भ दिल्याशिवाय करू नये.

राज्य शासनाच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाने ही गॅझेटिअर आंतरजालावर उपलब्ध करून दिली आहेत. ज्यांना छापील प्रतच हवी असते त्यांनी ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. १८९३ पासून चालत आलेली ही संस्था आहे आणि जुन्या स्थानिक ग्रंथांसाठी शहरात तेथूनच सुरुवात करणे सोयीचे पडते.

गावाची लोकसंख्या जनगणनेत सापडते, पण पाड्याची सापडत नाही. ती कोठून घ्यावी?

जनगणना ग्रामीण भागात महसुली गाव हे एकक मानते. डोंगरी भागात एका महसुली गावाचे पाच-सहा पाडे किंवा वाड्या असतात, त्यांत दोन-तीन किलोमीटरचे अंतर असते, मधे ओढा असतो, आणि कधी कधी एक पाडा डोंगराच्या पायथ्याशी तर दुसरा पठारावर असतो. जनगणनेत हे सर्व मिळून एकच ओळ असते. त्यातच गट ग्रामपंचायत असली तर अनेक महसुली गावांचा कारभार एका ग्रामपंचायतीकडे असतो आणि ‘गावाची लोकसंख्या’ म्हणून प्रत्यक्षात पंचायतीची लोकसंख्या दिली जाते. दोन स्रोतांत दुपटी-तिपटीचा फरक दिसला, तर बहुधा गफलत येथेच असते.

पाड्याचा स्वतंत्र आकडा हवा असल्यास ग्रामपंचायत, अंगणवाडी किंवा आरोग्य उपकेंद्राकडील सर्वेक्षण हा त्यातल्या त्यात विश्वासार्ह मार्ग आहे, मात्र तो देताना ‘अंगणवाडी सर्वेक्षणानुसार’ असे स्पष्ट लिहावे आणि जनगणनेच्या आकड्याशी त्याची बेरीज-वजाबाकी करू नये.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे एखाद्या गावासमोर ‘लोकसंख्या (२०२१)’ किंवा ‘(२०२४)’ असे दिसले, तर तो २०११ च्या आकड्याला वाढीचा दर लावून काढलेला अंदाज आहे असे समजावे. हा दर बहुतेक वेळा जिल्ह्याचा असतो, आणि डोंबिवली-भिवंडी ज्या वेगाने वाढली त्या वेगाने मुरबाड तालुक्यातला घाटाखालचा पाडा वाढला असे गृहीत धरणे हास्यास्पद आहे.

गाव तेच आहे याची खात्री कशी करावी?

नावावरून खात्री करू नये, कारण एकाच नावाची गावे एका तालुक्यातही असतात. जनगणनेचा गाव-संकेतांक, तो नसल्यास केंद्र शासनाच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेतील संकेतांक जुळवावा. नोंदीत हा संकेतांक एकदा लिहून ठेवला की पुढच्या तपासनिसाचे निम्मे काम वाचते.

डोंगराच्या उंचीचे वेगवेगळे आकडे दिसतात. कोणता घ्यावा?

प्रथम ते आकडे खरोखर वेगवेगळे आहेत का, हे पाहावे. माहुली किल्ल्याची उंची एका ठिकाणी २,८१५ फूट आणि दुसऱ्या ठिकाणी ८५८ मीटर दिलेली असते. गुणाकार केला की दोन्ही एकच निघतात, म्हणजे ही दोन ठिकाणांची साक्ष नव्हे, एकाच आकड्याचे रूपांतर आहे. कळसूबाईचे ५,४०० फूट आणि १,६४६ मीटर हेही असेच एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

त्यानंतर उंची कोठून मोजली आहे ते तपासावे. पायथ्याच्या गावापासूनचा चढ आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांची सरमिसळ भटकंतीविषयक लेखनात सर्रास होते. पायथ्याचे गाव स्वतःच शंभर-दीडशे मीटर उंचीवर असेल तर तेवढा फरक सहज पडतो.

मूळ आधार म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा वापरावा. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार रेखांश ७३ ते ७४ पूर्व आणि अक्षांश १९ ते २० उत्तर हा चौकोन ‘४७ ई’ या पत्रकात येतो, आणि शहापूर-मुरबाडचा डोंगरी भाग याच पत्रकाच्या सोळा उपपत्रकांपैकी काहींवर आहे. या नकाशावर समोच्च रेषांमधील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचे अंतर २० मीटर असते. त्यामुळे शिखरावर बिंदू-उंचीचा आकडा छापलेला नसेल, तर केवळ रेषा मोजून काढलेली उंची ‘सुमारे’ शब्दाशिवाय लिहू नये.

मोबाइलवरील उपग्रह-आधारित उंचीबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. उपग्रह प्रणाली उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि आपल्या भागात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. हा फरक दुरुस्त न करता कच्चा आकडा दाखवणारे अॅप असेल, तर माथ्यावर उभे राहून घेतलेली नोंदसुद्धा साठ मीटरने कमी येते. याची चाचणी घरबसल्या होते : ठाण्यात खाडीकिनारी उभे राहून अॅप उघडावे. ते उणे पन्नास-साठ मीटर दाखवत असेल, तर डोंगरावरील त्याच्या आकड्यातही तेवढीच दुरुस्ती करावी लागेल.

‘जिल्ह्यातील सर्वात उंच’ अशा विधानांचे काय करावे?

सर्वाधिक संशय याच विधानांवर घ्यावा. ‘माहुली हे ठाणे जिल्ह्यातील सर्वात उंच ठिकाण’ हे वाक्य असंख्य ठिकाणी आहे. आता हेच वाक्य ज्या याद्यांच्या आधारे लिहिले जाते त्याच याद्या पुढे वाचाव्यात : मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाची उंची तीन हजार फुटांहून अधिक दिलेली आढळते, आणि शहापूर तालुक्यात डेहणे गावाच्या वर उभा असलेला आजोबाचा डोंगर तर चार हजार फुटांच्याही वर जातो. माहुलीचा आकडा चुकीचा आहे असे यातून निघत नाही. चुकले आहे ते ‘सर्वात’. ते वाक्य पहिल्यांदा लिहिणाऱ्याने बहुधा शेजारच्या आसनगाव-शहापूर पट्ट्यापुरता विचार केला असावा आणि पुढे कोणी यादी उलटून पाहिली नसावी.

अशा दाव्यात हद्दीचाही गुंता असतो. सह्यधारेचा माथा हीच अनेक ठिकाणी जिल्ह्याची हद्द आहे, त्यामुळे चढाई ठाणे जिल्ह्यातून होते आणि माथा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा माणूस मुरबाड तालुक्यातून निघतो, पण गड अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आहे. नाणेघाटाचा पायथा वैशाखरे गावाकडे मुरबाडमध्ये, तर वरचे तोंड जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात उघडते.

अक्षांश-रेखांश तपासताना नेहमीची चूक कोणती?

दशांश आणि अंश-मिनिटे यांची अदलाबदल. शहापूर सुमारे १९.४५ अंश उत्तरेला आहे, म्हणजे १९ अंश २७ मिनिटे. ते ‘१९ अंश ४५ मिनिटे’ असे लिहिले की गाव उत्तरेला सुमारे ३३ किलोमीटर सरकते.

पावसाच्या आकड्यांत एका दिवसाचा फरक का पडतो?

हवामान खात्याची चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठला संपते. म्हणून १८ जुलैच्या दुपारी-रात्री कोसळलेला पाऊस १९ जुलैच्या तारखेखाली नोंदला जातो, आणि वर्तमानपत्रातील बातमी व खात्याचा तक्ता यांत एका दिवसाचे अंतर दिसते. दोन्ही बरोबर असतात.

याहून मोठा घोटाळा पर्जन्यमापकाच्या जागेमुळे होतो. तालुक्याचा पाऊस म्हणून दिलेला आकडा हा तालुक्याच्या ठिकाणचा किंवा महसूल मंडळांतील मापकांच्या सरासरीचा असतो. घाटाच्या कुशीतले गाव आणि कल्याणकडचे सपाटीवरचे गाव एकाच तालुक्यात असले तरी त्यांच्या पावसात फार अंतर असते, आणि मापक तर सहसा रस्त्यालगत, कार्यालयाच्या आवारात बसवलेला असतो. ‘अतिवृष्टी’चा निकषही पाहून घ्यावा : राज्याच्या महसूल यंत्रणेत नुकसानभरपाईसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा टप्पा धरला जातो, तर हवामान खात्याच्या वर्गवारीत सर्वात वरचा वर्ग २०४.४ मिलिमीटरच्या पुढे सुरू होतो.

एकच माहिती दहा ठिकाणी असेल तर ती खरी धरावी का?

नाही. दहा ठिकाणी एकच वाक्य असेल तर साक्षीदार एकच आहे. माळशेज घाटात पावसाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे येतात, हे विधान पर्यटनविषयक लेखनात इतके रुळले आहे की त्याला आधार मागावा असे कोणाला वाटत नाही. तपासायचे झाल्यास पिंपळगाव जोगा जलाशयाच्या परिसरातील, तारीख आणि छायाचित्र असलेल्या निरीक्षणांच्या नोंदी पक्षिनिरीक्षकांच्या खुल्या नोंदसंग्रहात शोधाव्यात, आणि त्यात महिना कोणता येतो हे पाहावे. ठाणे, ऐरोली, वाशी येथील रहिवाशांना रोहित पक्षी खाडीत कोणत्या महिन्यांत दिसतात हे चांगले ठाऊक आहे : हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, ओहोटीच्या चिखलात. धुक्यातल्या, धो-धो पावसाच्या घाटात तेच पक्षी ऐन श्रावणात असतील, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. पुरावा मिळेपर्यंत ‘असे सांगितले जाते’ हीसुद्धा पळवाटच आहे. वाक्य सरळ काढून ठेवावे.

नक्कल ओळखण्याची सोपी खूण म्हणजे समान चूक. पाच लेखांत एकाच गावाचे नाव एकाच पद्धतीने चुकले असेल, तर ते पाचही एका मुळातून आले आहेत.

गावाच्या नावाचे लेखन कोणते प्रमाण मानावे?

रोमन लिपीतून परत देवनागरीत आलेली नावे घेऊ नयेत. त्यात ‘ळ’ हटकून जातो आणि डोळखांबचे डोलखांब, सरळगावचे सरलगाव होते. सातबारा, ग्रामपंचायतीचा फलक, शाळेचा फलक आणि एसटीची पाटी यांपैकी दोहोंत जे लेखन जुळेल ते घ्यावे.

दंतकथा आणि इतिहास यांत फरक कसा राखावा?

आजोबाच्या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुशांचा जन्म तेथे झाला, ही परिसरातील श्रद्धा आहे. ती श्रद्धा म्हणून नोंदवणे योग्यच आहे, कारण तेथील यात्रा आणि वहिवाट तिच्यावर उभी आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी माहुलीवर केलेला अखेरचा प्रतिकार हा मात्र समकालीन साधनांवर आधारलेला इतिहास आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख तर आजही जागेवर आहे, आणि त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत इसवी सनापूर्वीचे दुसरे की पहिले शतक असा मतभेद असल्याने एकच शतक ठोकून देण्याऐवजी दोन्ही मते लिहावीत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ही तारीख लिहिताना ‘१९४२ चा लढा’ या ओळखीमुळे वर्ष चुकते, तेवढे पाहावे.

स्थानिक माणसाने सांगितलेली माहिती प्रमाण मानावी का?

ज्या गोष्टी तो रोज पाहतो त्यांबाबत अवश्य मानावी, मात्र प्रश्न नीट विचारावा. किल्ल्यावरील टाक्याचे किंवा पाड्यावरील विहिरीचे पाणी ‘बारमाही’ असल्याचे शेकडो नोंदींत लिहिलेले असते. ‘मावशी, इथे पाणी असतं ना?’ असे भर पावसात, पाठीवर पिशवी घेऊन विचारले की ‘असतं की’ असेच उत्तर येते. पाहुण्याला दुसरे काय सांगणार? तोच प्रश्न ‘होळीनंतर हंडे कुठून भरता?’ असा विचारला, तर कोणती विहीर आटते, कोणता झरा उरतो, टँकर कधीपासून लागतो, हे सगळे एका दमात कळते. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबई-ठाण्याची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ज्याला माहीत आहे तो ‘पाण्याने समृद्ध तालुका’ असे वाक्य विचार केल्याखेरीज लिहिणार नाही.

वर्ष, सन, एकूण लोकसंख्या, राजांची नावे यांबाबत मात्र तोंडी माहिती कागदाशी ताडून पाहावी. सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय नोंदीत घालू नये.

दरडप्रवण गावांच्या यादीत नाव नसेल तर गाव ‘सुरक्षित’ लिहावे का?

कदापि नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच नंतर सांगितले. नवी मुंबईपासून ती तासाभराच्या अंतरावर होती. यादीत नाव नसण्याचा अर्थ एवढाच की त्या यादीत नाव नाही. यादी कोणत्या वर्षाची, तीत महसुली गावे मोजली की वाड्या-पाडेही, आणि पाहणी प्रत्यक्ष झाली की नकाशावरून, हे लिहिल्याशिवाय अशा यादीचा दाखला देऊ नये.

रस्त्यांचे क्रमांक कसे तपासावेत?

२०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरले. माळशेज घाटातून जाणारा कल्याण–निर्मल महामार्ग पूर्वी २२२ होता, आता ६१ आहे. दोन्ही क्रमांक द्यावेत, कारण जुन्या नकाशांत पहिलाच सापडतो.

दोन शासकीय स्रोतांत विसंगती असेल तर?

ज्या खात्याचे ते मूळ काम आहे त्याचे मानावे : जमिनीसाठी महसूल व भूमी अभिलेख, लोकसंख्येसाठी जनगणना, उंचीसाठी सर्वेक्षण खाते, अभयारण्याच्या हद्दीसाठी वन विभागाची अधिसूचना. भीमाशंकर अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे, तेव्हा कोणत्याही एका जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेतील क्षेत्रफळ हे संपूर्ण अभयारण्याचे की त्या जिल्ह्यातील हिश्श्याचे, हे अधिसूचनेतूनच ठरेल.

एवढ्यावरही उलगडा झाला नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. अर्जात ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते. कोणत्या गावाचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या नोंदवहीतला उतारा हवा ते लिहावे. जिल्ह्याशी संबंधित अर्ज ठाण्यातील जिल्हाधिकारी कार्यालयात आणि विभागीय पातळीवरचा सी.बी.डी. बेलापूर येथील कोकण भवनात द्यावा. उत्तर येईपर्यंत नोंदीत दोन्ही आकडे, त्यांच्या स्रोतांसह आणि वर्षांसह, शेजारी शेजारी ठेवावेत.